शटर, नाला आणि बादली

मुलुंड (पूर्व)

चि. ठकूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. कॉलेजात 'माझा परिसर' या विषयावर स्केचेसची फाइल मागितली आहे. वर्गातल्या मुली बाणगंगेला जाऊन आल्या, काळा घोड्याला जाऊन आल्या, एकीने तर वसईचा किल्ला काढून आणला, आणि तुझ्या वाट्याला मात्र मुलुंड! 'आत्या, इथे काढण्यासारखं आहे काय? टॉवर, मॉल, मेट्रोचे खांब, नाला आणि भंगारवाला.' एवढं लिहून वर रडका चेहरा टाकला आहेस.

त्या रडक्या चेहऱ्याकडे मी दुर्लक्ष करते. यादी मात्र फर्मास केली आहेस. त्यातले टॉवर आणि मॉल सोडून दे. त्यांची चित्रं काढायला त्यांनी पगार देऊन माणसं ठेवलेली असतात. उरलेल्या मंडळींबद्दल मला बोलायचं आहे आणि ते फोनवर टाइप करत बसणं माझ्या अंगठ्यांना जमणार नाही, म्हणून हे पत्र.

मी शाळेत चित्रकला शिकवली हे तुला ठाऊक आहे. पण चित्रकला हा शब्द भारदस्त झाला. खरं म्हणजे मी जन्मभर बादली शिकवली. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र, आणि दोन्हींच्या तयारीला टेबलावर ठरलेलं बिऱ्हाड: बादली, तांब्या, दोन कांदे, एखादं वांगं, मागे चुरगळून टाकलेली चादर. पोरं कंटाळून जात. बाई, आज तरी काहीतरी छान ठेवा ना, म्हणत. छान म्हणजे फुलदाणी. मी फुलदाणी कधी ठेवली नाही, कारण फुलदाणी आधीच नटून आलेली असते. मुलं तिच्यावरची नक्षी काढत बसतात आणि तिचा आकार हातून निसटतो.

बादलीचं तसं नाही. बादली काही लपवत नाही, तरी ती कुणाला दिसत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल बादलीचं तोंड वाटोळं गरगरीत काढतं आणि तळाशी पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढतं. कारण तोंड गोल असतं हे त्याला ठाऊक असतं, आणि बादली जमिनीवर सपाट बसते हेही ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण बाकावर बसून दिसतं ते वेगळंच. तोंड लंबगोल दिसतं, तळाची कड वाकलेली दिसते, आणि गंमत म्हणजे तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त असतो, कारण तळ डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली आहे. हे एकदा दिसलं की पोरं चमकतात. रोज आंघोळीला वापरलेल्या वस्तूला आपण इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, हे आठवी-नववीतल्या मुलाच्या चेहऱ्यावर उमटताना मी कितीदा पाहिलंय.

तेव्हा बादल्या पत्र्याच्या असत. तू पत्र्याची बादली जवळून पाहिली नसशील. त्या पत्र्यावर फुलं असतात. कुणी रंगवलेली नव्हेत हो. लोखंडी पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून बाहेर काढला की निवताना जस्ताचे स्फटिक जमतात, आणि करड्यावर करड्या रंगाची, कोनाकोनांची फुलं पत्राभर पसरतात. उजेडाकडे बादली किंचित फिरवली की एक फूल विझतं आणि शेजारचं पेटतं. वरची कड तारेवर दुमडलेली असते, म्हणजे हात कापू नये आणि तोंड वाकू नये. कडीचे दोन कान रिव्हेट मारून बसवलेले. बाजूला उभी शिवण, पत्र्यात पत्रा अडकवून ठोकलेली. ही शिवण ज्याने नीट काढली, त्याला मी न विचारता दोन गुण जास्त देत असे. पुढे बादल्या प्लॅस्टिकच्या झाल्या आणि माझ्या टेबलावरचा अर्धा उजेड गेला.

आता या टेबलाची एक खोड सांगते. परीक्षेच्या स्थिरचित्रात प्रत्येक वस्तू कशावर तरी बसलेली असते, तिची सावली पडते, कांद्याशेजारी सुरी असते, म्हणजे वस्तूंचं आपसांतलं नातं आधीच ठरलेलं. हे शिकायलाच हवं. पण ते नातं आपण लावून दिलेलं असतं, वस्तूला त्याची गरज नसते, हे मला शाळेने शिकवलं नाही. ते प्रभाकर बरवे यांच्या चित्रांनी शिकवलं.

बरवे अलिबागजवळच्या नागावचे, १९३६चा जन्म. १९५९ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले आणि १९६१पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कापडांसाठी डिझाइन करायचं हे सरकारी खातं. त्या काळातल्या कितीतरी चांगल्या चित्रकारांची चूल त्या केंद्राने पेटती ठेवली. बरव्यांची काही वर्षं त्या नोकरीपायी बनारसला गेली. तिथे त्यांच्या चित्रांत तांत्रिक चिन्हं आली, यंत्रं आली, आणि त्या वळणाची चित्रं तेव्हा खपतही होती. मग हळूहळू ते सगळं मागे पडलं आणि चित्रात येऊ लागलं घड्याळ, झाडाचं पान, पिन, शंख. ज्याकडे घरात कुणी ढुंकून बघत नाही असा ऐवज.

२०१९ साली काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे एनजीएमएत, त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. नाव होतं 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स'. गुडघे कुरकुरत असतानाही त्या इमारतीचे गोल जिने चढून मी ते पाहिलं. या माणसाने टेबल काढून टाकलं आहे, ठकू! पान आहे पण फांदी नाही. घड्याळ आहे पण भिंत नाही. वस्तू मोकळ्या जागेत नुसत्या आहेत, आणि लहान-मोठेपणाचा आपला हिशेब तिथे चालत नाही. आपल्या घरात टाचणीला कोण विचारतं? ती हरवली तर आपण दुसरी घेतो. पण तिच्याभोवती एवढी रिकामी जागा सोडली की तिचं टोक, तिचा माथा, तिची रेघ यांना वजन येतं. बघणारा थबकतो आणि या वस्तूचा त्या वस्तूशी काय संबंध, ते त्याचं त्याला जुळवावं लागतं. बरव्यांनी तिला नटवलेलं नाही, तिच्यावर कणव दाखवलेली नाही, 'बघा बिचारी टाचणी' असा सूर नाही. त्यांनी तिला फक्त तिच्या कामावरून सुट्टी दिली.

त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली आलं. तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात असेल. पुस्तक मराठीत आहे म्हणून परीक्षेला उपयोगाचं नाही असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस. चित्रकाराने स्वतःच्या बघण्याबद्दल मराठीत इतकं स्वच्छ लिहिलेलं फार थोडं आहे. बरवे १९९५ साली गेले, साठीसुद्धा गाठली नाही.

आणि ते रंगवत कशाने, माहीत आहे? पुष्कळदा एनॅमलने. आपण गेटला आणि खिडकीच्या गजांना लावतो तो, हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळणारा तेलरंग. तुम्हा मुलांना विलायती ट्यूब नसली की हात आखडतो. एनॅमलचा स्वभाव असा की तो लावल्यावर आपणहून पसरतो, समपातळीत येतो आणि ब्रशच्या खुणा पुसून टाकतो. सुकायला वेळ घेतो, वास मारतो, सुकला की चकाकतो. ज्याला आपला हात मिरवायचा आहे त्याने या रंगाच्या नादी लागू नये. बरव्यांना बहुधा हात मागे ठेवून वस्तूच पुढे आणायची होती. हा माझा तर्क, पण ती चित्रं पाहून दुसरा सुचत नाही.

त्याच डब्यातला रंग घेऊन घाटकोपरच्या एका चित्रकाराने वेगळाच उद्योग केला. अतुल दोडिया, १९५९चा जन्म. घाटकोपरच्या चाळीत वाढलेला मुलगा, जे. जे.त शिकला, पॅरिसला जाऊन आला, आणि नाव झाल्यावरही स्टुडिओ घाटकोपरातच थाटला. २०००च्या आगेमागे त्याने चक्क दुकानाची शटर्स रंगवायला घेतली. कॅनव्हासवर शटरचं चित्र नव्हे. लोखंडी शटर हाच कॅनव्हास, आणि शटर वर केलं की आत दुसरं चित्र. त्यातलं एक 'महालक्ष्मी'. बाहेर शटरवर देवी, आपल्या कॅलेंडरवर असते तशी प्रसन्न. शटर वर गेलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. मला ते पाहून बराच वेळ बोलायला सुचलं नव्हतं. पण आज सांगायचा मुद्दा निराळा आहे. ही कल्पना कुठल्या पुस्तकात सापडणारी नाही. शटर पडलेलं असतं तेव्हा शहरात काय चाललेलं असतं, हे ज्याने बंदच्या दिवसांत आणि दंगलीच्या दिवसांत बाजारपेठेत राहून पाहिलंय, त्यालाच ती सुचणार.

तू रोज सकाळी ज्या गल्लीतून स्टेशनला जातेस तिथे दुकानं उघडण्याआधी शटर्सची रांग असते. एकदा थांबून बघ. प्रत्येक पट्टी बाहेरून किंचित फुगीर असते आणि खालच्या पट्टीत अडकलेली असते, म्हणून पेंटरने काढलेलं अक्षर दर पट्टीला एक हिसका खातं. पट्ट्या एकमेकींवर घासतात तिथे रंग आडव्या रेघांत झिजतो. मधल्या मुठीभोवती हाताळून लोखंड चकचकीत झालेलं, आणि अगदी खाली, पायाने दाबायच्या जागी, रंग पार गेलेला. दोन्ही कडांच्या खाचांत काळं ग्रीस. दुकानदार कुठल्या हाताने शटर ओढतो, हेसुद्धा त्या झिजेवरून कळतं. हे सगळं दुकान उघडलं की गुंडाळून वरच्या पेटीत जातं आणि रात्री पुन्हा खाली येतं. तुझ्या त्या मैत्रिणीच्या वसईच्या किल्ल्यात इतकी हालचाल आहे का?

घाटकोपरहून स्लो लोकल पकडून मुलुंड ओलांडलं की ठाणं. ठाण्यात एक डॉक्टर राहतात, सुधीर पटवर्धन. १९४९ साली पुण्यात जन्म, तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून १९७२ साली डॉक्टर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले, आणि मग २००५पर्यंत, सुमारे तीस वर्षं, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, हे तुझ्या सरांना सांगू नकोस. दिवसा लोकांचे एक्स-रे बघायचे आणि उरल्या वेळात चित्रं काढायची. काढायचं कोणाला? लोकलच्या डब्यातल्या माणसांना, इराणी हॉटेलात बसलेल्या माणसाला, पुलावरच्या गर्दीला. 'ट्रेन' १९८०चं, 'इराणी रेस्टॉरंट' त्याच्या आधीचं, १९७७चं. १९८५च्या एका चित्राचं नावच 'नाला' आहे. तुझ्या यादीतला नाला! ज्याच्यावरून जाताना आपण नाकाला ओढणी लावतो तो विषय एका माणसाने चाळीस वर्षांपूर्वी इथेच कुठेतरी, आपल्याच लायनीवर, तैलरंगाच्या लायकीचा ठरवला होता. त्यांचंही मोठं प्रदर्शन एनजीएमएत लागलं, बरव्यांचं झालं त्याच वर्षी, २०१९ साली. एका वर्षात दोन्ही पाहायला मिळाली, निवृत्तीनंतर याहून काय हवं?

पटवर्धनांच्या बाबतीत मला एका गोष्टीचं फार कौतुक आहे. उपनगर हे त्यांनी शहराची उरलीसुरली कड म्हणून काढलं नाही. ठाण्याच्या टेकड्या, त्यांना कुरतडत चढणाऱ्या इमारती, मधली अर्धवट बांधकामं, चाळी, कारखान्यांच्या भिंती, हे सगळं त्यांनी पूर्वीचे चित्रकार राजधान्या काढत तितक्या गांभीर्याने काढलं. २००१चं 'लोअर परळ' पाहा, मिळालं तर मोठ्या आकारात पाहा, फोनवर नको. शिवाय २००८-०९च्या सुमाराला या माणसाने 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं आधुनिक भारतीय चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरवलं, कारण चित्रं फक्त मुंबईतल्या गॅलऱ्यांत अडकून पडतात हे त्यांना पटत नव्हतं. हे काम चित्र काढण्याइतकंच कष्टाचं आणि त्याहून कमी कौतुकाचं.

आता कान धरून एक गोष्ट सांगायची आहे. हे सगळं वाचून तू उद्या नाल्यावर जाशील, मावळतीचा फोटो काढशील, त्याला सोनेरी फिल्टर लावशील आणि खाली लिहिशील, कचऱ्यातही सौंदर्य असतं. असलं काही केलंस तर मी तो फोटो बघणार नाही. गरिबी, घाण आणि मोडकळ या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्यात फार चांगल्या येतात, आणि त्यातच धोका आहे. आपल्या इथलं डम्पिंग ग्राउंड १९६७पासून चालू होतं ते २०१८च्या ऑक्टोबरात बंद झालं. तुला त्याचा वास आठवत असेल. पूर्वेकडच्या वस्त्यांना तर तो घरातल्या माणसासारखा होता. त्या डोंगरावर घारींची चक्रं, मागे खाडी, वर पावसाळी आभाळ, नुसतं दृश्य म्हणून पाहिलं तर कुठल्याही चित्रकाराला मोह पडावा. पण वास चित्रात येत नाही. त्या ढिगात हात घालून प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या बाईची कंबर किती दुखते तेही येत नाही. जे चित्रात येणार नाही ते ठाऊक असलेल्याने चित्र काढलं तर रेघेत फरक पडतो. कसा पडतो ते मला समजावून सांगता येणार नाही, पण गठ्ठ्यातून कागद चाळताना मला तो लगेच दिसायचा.

म्हणून सुंदर करायला जाऊ नकोस. नाला घाण असेल तर घाणच काढ. मात्र त्याची भिंत नीट बघ. पाणी कुठवर चढलं होतं याच्या रेषा भिंतीवर थरांनी असतात, खाली काळी, वर शेवाळाची हिरवट, त्याच्या वर एखादी फिकी. त्या फिक्या रेषेकडे बोट दाखवून जुनी माणसं तुला २००५ची २६ जुलै सांगतील. पलीकडे जाणारा पाण्याचा पाइप, त्यावर कुणी चढू नये म्हणून लावलेलं काट्याचं कडं, त्यात अडकलेला पतंग. सुंदर-कुरूप हे नंतर बघणारे ठरवतील, त्यांना तेवढं काम राहू दे.

बोलोन्या नावाच्या इटलीतल्या गावात जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होऊन गेला, १८९० ते १९६४. तीन बहिणींबरोबर एका घरात राहिला, गाव सोडून फारसा कुठे गेला नाही, आणि आयुष्यभर बाटल्या, बरण्या, डबे काढले. त्याच त्याच बाटल्या. काहींवर तो मॅट रंग फासून ठेवी, म्हणजे काच चमकायची नाही आणि लेबलं वाचता यायची नाहीत. धूळ बसली की पुसू देत नसे. बहिणींना त्या खोलीत झाडू मारायला किती शिवशिवत असेल, मी कल्पना करू शकते! पण धुळीने बाटलीची कड मऊ होते, उजेड तिच्यावर आपटत नाही, टेकतो. जगातले मोठमोठे कलावंत पुढे त्या धुळीसाठी बोलोन्याला गेले. तुला मात्र मुलुंडमध्ये विषय मिळेना!

आणि काळा घोड्याचा हेवा करू नकोस. तुझ्या मैत्रिणींनी तिथे काय काढलं असेल ते मी न पाहता सांगते: डेव्हिड ससून लायब्ररी, कमानी, फार तर एक टॅक्सी. त्याच चौकात वे-साइड इन नावाच्या हॉटेलच्या खिडकीशी अरुण कोलटकर बसत. जे. जे.त शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेले चित्रकार, आणि कवी तर केवढे! त्या चौकाच्या कविता त्यांनी लिहिल्या, २००४ साली पुस्तक आलं, ते गेले त्याच वर्षी. आणि त्या पुस्तकात आहे काय? भटकं कुत्रं, झाडलेला कचरा, फुटपाथवर इडली विकणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी माणसं. कमानी त्यांना दिसत नव्हत्या असं नाही. त्या कमानींकडे बघणारे पुष्कळ होते.

आता तुझ्या फाइलीबद्दल. स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचं पश्चिमेचं मुलुंड १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी चौकटीत आखून दिलेलं आहे. रस्ते सरळ, काटकोनात कापणारे. म्हणजे यथार्थदर्शन शिकायला मुंबईत याहून सोयीचं गाव सापडणार नाही. एखाद्या सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस तर रिक्षा तुला उडवतील, तेव्हा फुटपाथवर उभी राहा. विजेच्या तारा, छपरांच्या कडा, दुकानांच्या पाट्या, सगळ्या रेघा एका बिंदूकडे धावताना दिसतील. त्या बिंदूपाशी बहुतेक एखादी उसाच्या रसाची गाडी असेल. तिचा चरक काढ. दातेरी चाकं कशी एकमेकांत बसतात ते समजल्याशिवाय पेन्सिल टेकवू नकोस. यंत्र न समजता काढलेलं यंत्र खेळण्यासारखं दिसतं.

पूर्वेला ये तेव्हा मिठागर रोडवरून चालत ये, रिक्षा करू नकोस. त्या रस्त्याला नाव ज्यांच्यावरून मिळालं ती मिठागरं हायवेच्या बाजूला आहेत. उन्हाळ्यात तिथे काढायला काहीच नसतं असं वाटेल. नुसते चौकोन, आणि चौकोनांत आभाळ. पावसाळ्यात तर बांधही दिसेनासे होतात. हा विषय अवघड आहे, म्हणून शेवटी घे. रिकामी जागा काढायला बरव्यांनासुद्धा वर्षं लागली.

भंगारवाल्याकडे मात्र पहिल्यांदा जा, आणि आधी त्याला विचार. 'भाऊ, इथे बसून चित्र काढू का' एवढं म्हणायला काही लागत नाही. बहुतेक तो हसेल आणि एखादा डबा उपडा करून बसायला देईल. त्याच्याकडे सगळं वेगळं करून रचलेलं असतं: पत्रा एकीकडे, पितळ आत कुलपात, रद्दी कोपऱ्यात, बाटल्या पोत्यात. आपण ज्याला ढीग म्हणतो त्यात त्याला भाव दिसतो. तांबं, पितळ, जर्मन, बीड, हे तो आवाजावरून ओळखतो. नुसतं आपटून सांगतो. तुझ्या मटेरियलच्या तासाला जे कळणार नाही ते त्याला विचार. आणि निघताना काढलेलं चित्र त्याला दाखव. तो म्हणाला 'हे काय आहे?' तर घरी येऊन पुन्हा काढ.

फोटोवरून काढायचं नाही, एवढी एकच अट. फोटो काढायला क्षण लागतो आणि त्या क्षणात तुला बसायची गरज पडत नाही. बसलीस की ऊन सरकतं, सावली शटरवरून उतरून पायरीवर येते, कुणीतरी विचारतं 'काय करतेस गं?', आणि त्या सगळ्यात केव्हातरी वस्तू दिसायला लागते. सुरुवातीची काही पानं भिकार होतील. ती फाडू नकोस, फाइलीत मागे ठेव.

पुढल्या रविवारी जेवायला ये. कागद घेऊन ये. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मी तपासणार नाही. त्यात सगळ्यांच्या रेघा सारख्याच दिसतात. चारकोल आणलास तर माझ्या सोफ्यावर बसायचं नाही, बाल्कनीत बसायचं. तुझ्या बाबाला सांग, त्याच्या आवडीची भरल्या वांग्यांची भाजी करणार आहे, पण वांगी आधी आपण दोघी काढणार आणि मग ती चिरायची. त्याने भुकेची बोंब मारली तर चालणार नाही.

तुझी,
आत्या

ता. क. : तुमच्या माळ्यावरचा तांब्याचा बंब वहिनी मोडीत काढणार आहे असं कळलं. तू तो आतला जाळ टाकायचा नळ, खालची जाळी, तोटीसकट पुरता काढून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही असं माझं नाव घेऊन सांग. आणि काढायला घेण्याआधी चिंचेने घासून लख्ख करू नकोस. आहे तसाच, काळा पडलेला काढ.